मातीत तोंड घालणारे

हातपाय नसलेल्या प्राण्याने जमीन खणावयाचे मनात आणले तर ती त्याला डोक्यानेच खणावी लागते, आणि त्याच डोक्याच्या पुढच्या टोकाला तोंड असल्यामुळे खाण्याचे कामही तेथूनच उरकावे लागते, ही गोष्ट एकदा सांगितली म्हणजे इतकी उघड वाटते की ती समजून घेण्यासाठी कोणी उमेदीची वर्षे खर्च करावीत, याचे ऐकणाराला नवल वाटावे. खणण्यासाठी डोके घट्ट हवे, एका हाडाने दुसऱ्यापासून यत्किंचितही हलता कामा नये; उलट भक्ष्य सगळेच्या सगळे गिळावयाचे तर डोके सैल हवे, प्रत्येक हाड आपापल्या परीने पुढेमागे सरकणारे हवे. या दोन परस्परविरोधी मागण्यांचा निवाडा निसर्गाने एकदाच आणि एकाच रीतीने केलेला नाही. बिळात राहणाऱ्या सापांच्या प्रत्येक कुळात तो निराळा झालेला आहे, आणि त्या निवाड्याची नक्कल त्या त्या सापाच्या कवटीत पाहावयास मिळते. ती वाचावयास मी एटापल्लीत शिकलो. या वाचनाने मला बढती मिळाली नाही, की कोठे नाव झाले नाही. परंतु जे मिळाले ते सांगण्याजोगे आहे असे आता निवृत्तीनंतर वाटू लागले आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यानंतर काही वर्षांनी विज्ञानशिक्षक म्हणून माझी नेमणूक एटापल्ली तालुक्यात झाली. त्या काळी या बाजूच्या नेमणुकीकडे लोक शिक्षा म्हणूनच पाहत, आणि हुकूम हाती पडताच तो रद्द करून घेण्यासाठी वशिल्याची खटपट करणे हा जणू सेवाशर्तींचाच एक भाग समजला जाई. मीही ती केली; ती निष्फळ झाली. आलापल्लीकडून सागाच्या उंच जंगलातून येणारा रस्ता, पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला म्हणजे जगाशी तुटणारा संबंध, धानाच्या बांध्या, वारुळे, आणि शाळेत प्रयोगशाळा या नावाखाली एक लोखंडी कपाट, एवढा माझा इलाखा होता. कपाटात फॉर्मलीनच्या बाटलीत एक बेडूक आणि मानवी सांगाड्याचे वाळवी लागलेले एक चित्र यांपलीकडे जीवशास्त्र म्हणून काहीही नव्हते. बाहेर मात्र जीवशास्त्र भरपूर होते, आणि रोवणीच्या दिवसांत तर ते रस्त्यावर चिरडलेल्या अवस्थेत पडलेले असे. पहिल्या सरी पडल्या, बिळांत पाणी शिरले, की भूमीखाली राहणारे प्राणी वर येतात. त्यांतले कित्येक रात्रीच्या वाहनांखाली सापडतात. सकाळी शाळेला येताना माडिया मुले ते काडीवर उचलून आणीत आणि माझ्या टेबलावर ठेवीत. सर्पांविषयी पुस्तकांतून मिळवलेले माझे ज्ञान या मुलांपुढे फार काळ टिकले नाही, परंतु सापाचे डोके उघडून आत काय आहे ते पाहण्याची कल्पना त्यांना नवी होती, आणि त्या एका बाबतीत आम्ही बरोबरीने शिकू लागलो.

सापाची कवटी स्वच्छ करणे हे काम संथ आणि दुर्गंधीयुक्त आहे. कुत्र्याची किंवा बकरीची कवटी उकळली तरी ती कवटीच राहते. सापाची उकळली तर हाती मूठभर काटे येतात, कारण त्याच्या खालच्या जबड्याचे दोन अर्ध हनुवटीपाशी जुळलेले नसून केवळ स्नायुबंधाने जोडलेले असतात, आणि वरच्या जबड्याची, टाळूची, कानशिलाची हाडेही अशीच मांसपेशींच्या आधाराने आपापल्या जागी तग धरून असतात. मांस गेले की आधार गेला. म्हणून झाकणाच्या मडक्यात साध्या पाण्यात ते कुजू द्यावे, वरचेवर पाणी बदलावे, चरबी काढण्यासाठी पातळ अमोनिया आणि शेवटी थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे, मात्र ब्लीचिंग पावडरीला हात लावू नये, ही रीत मी हळूहळू बसवली. घरमालकाने मडके न्हाणीतून परसात, परसातून कुंपणापलीकडे हलवावयास लावले, ते रास्तच होते. या कामाने मला एक शिस्त लावली ती अशी की आधी चित्र आणि मग पाणी. हाड कोठे होते, कोणाला टेकलेले होते, कोणत्या कोनात होते, हे मांस असतानाच कागदावर उतरले नाही तर नंतर सगळी हाडे हाती असूनही काही कळत नाही. मुलांना चित्रकला शिकवण्याचा अधिकार मला नव्हता, तरी सर्वांत जास्त मी तीच शिकवली.

याच ओघात कायद्याचाही परिचय झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 39 नुसार वन्य प्राणी मृत सापडला तरी तो शासनाची मालमत्ता ठरतो. तेव्हा रस्त्यावरचा चपटा झालेला साप कपाटात ठेवावयाचा म्हणजे वनखात्याकडे अर्ज, जागेचा पंचनामा, आणि शैक्षणिक उपयोगासाठी ताब्यात ठेवण्याचा दाखला ओघानेच आले. दोऱ्याएवढ्या जाडीच्या सापाचा पंचनामा करण्यासाठी रस्त्यावर उकिडवे बसलेले वनरक्षक आणि दोन पंच मी पाहिले आहेत, आणि नोंदवहीत ‘साप, आंधळा, नग 1’ असा शेरा वाचला आहे. हसू येई, पण त्या दप्तराचा उपयोगही झाला. कोणता साप कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी सापडला याची जी नोंद मी आळसाने कधीच ठेवली नसती ती सरकारी शिस्तीने आपोआप होत गेली.

हा ‘आंधळा’ म्हणजे वाळा. तो आपल्या घरांतूनही निघतो, न्हाणीच्या मोरीत, कुंडीखाली, शेणखताच्या खड्ड्यात. लोक त्याला गांडूळ समजतात किंवा नागाचे पिल्लू समजून ठेचतात. लांबी साधारण वीतभर, डोळे म्हणजे खवल्याखाली दिसणारे दोन काळे ठिपके, शेपटीच्या टोकाला बारीक काटा. या जातीत नर नाहीत. सर्व माद्या, त्या नराविना अंडी घालतात, आणि म्हणूनच झाडांच्या मुळांच्या मातीतून एक मादी जरी दूरदेशी गेली तरी तेथे वंश सुरू होतो. अशा रीतीने हा साप उष्ण प्रदेशांत जगभर पसरला आहे. त्याची शास्त्रीय ओळख मात्र आपल्याच पूर्वेकडची. पॅट्रिक रसेल या कंपनीच्या निसर्गतज्ञाने 1796 मध्ये हिंदी सर्पांवरील आपल्या ग्रंथात विशाखापट्टणमचा एक वाळा चितारला. तेलुगू लोक त्याला दोन डोक्यांचा साप म्हणतात हेही त्याने नोंदवले, आणि त्या चित्रावरून फ्रान्सच्या दोदँने 1803 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. आमच्या तालुक्यापासून तेलुगू मुलूख फार दूर नाही, आणि ती दोन डोक्यांची कल्पना आमच्याकडेही नांदत होती. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

माझ्या वर्गातील एक मुलगा वाळ्याला भिंगाखाली धरून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, याचं तोंड तर खालतं आहे. मग हा खातो कसा?” पाठ्यपुस्तकात वाळ्याविषयी जी दोन वाक्ये होती त्यांत त्याला काय काय नाही याची यादी होती: डोळे नाहीसे झालेले, जबडा आखूड, दात थोडे. मुलाने मात्र यादी केली नाही. त्याने जागा पाहिली. तोंड थुंथनीच्या टोकाला नसून खाली, मागे सरकलेले आहे. म्हणजे टोक मोकळे आहे, आणि त्या मोकळ्या टोकाने माती ढकलावयाची असेल तर तोंडात माती जाणार नाही. खणणे आणि खाणे यांचा तंटा येथे जागेची वाटणी करून मिटवलेला आहे. खातो कसा, याचे उत्तर मात्र मजजवळ नव्हते, आणि मडक्याच्या रीतीने ते मिळण्यासारखेही नव्हते, कारण काही मिलिमीटरच्या कवटीतील हाडे पाण्यात गेली की ती पुन्हा सापडतच नाहीत.

येथे ॲलिझरिनने वाट दाखवली. अंगातील मांस पाचक द्रव्याने आणि पातळ कॉस्टिक पोटॅशने पारदर्शक करावयाचे, ॲलिझरिन रेड नावाच्या रंगाने हाडे रंगवावयाची, आणि मग ग्लिसरिनच्या वाढत्या प्रमाणांत तो नमुना उतरवत न्यावयाचा, ही पद्धत जुनी आहे. रंग नागपूरहून मागवावा लागे. पहिले नमुने बेरंगच राहिले. फॉर्मलीनमध्ये फार दिवस ठेवलेल्या प्राण्याच्या हाडातील चुना त्यातील आम्लाने विरघळतो आणि मग रंग धरावयास काही उरतच नाही. फॉर्मलीनमध्ये टाकणखार घातल्यावर हा प्रश्न सुटला. आठवडे लोटल्यावर एके दिवशी ग्लिसरिनमध्ये वाळ्याचे डोके काचेसारखे स्वच्छ झाले आणि त्यात किरमिजी रंगाची कवटी जशीच्या तशी, एकही हाड न हलता उभी राहिली. मला पुष्कळ गोष्टींचा आनंद झाला आहे, पण या आनंदाची जात वेगळी होती, आणि तो वाटून घ्यावयास शिपायाखेरीज शाळेत त्या वेळी कोणी नव्हते. शिपायाने वाकून पाहिले आणि कपाट बंद करावयाचे का, असे विचारले.

त्या कवटीत जे दिसले ते असे. थुंथनीची हाडे एकमेकांत इतकी घट्ट बसलेली की तिचा गोलसर टोपच झालेला. मेंदूभोवतीची हाडेही तशीच बंदिस्त. खालचा जबडा आखूड, बारीक आणि दंतहीन. त्याला कवटीशी जोडणारे क्वाड्रेट नावाचे हाड, जे गिळणाऱ्या सापांत लांब असून मागे व खाली लोंबते आणि तोंडाचा कोपरा डोक्याच्याही मागे नेते, ते येथे पुढे कललेले, आणि त्यामुळे तोंड लहानच राहिलेले. सर्व काही घट्ट, परंतु वरच्या जबड्याची दोन इवली हाडे तेवढी सैल, आडवी टांगल्यासारखी, आणि साऱ्या तोंडातले दात काय ते त्यांवरच. इतक्या घट्ट कवटीत हीच दोन हाडे सुटी का, हे मला पुष्कळ दिवस उलगडले नाही. पुढे ब्रेनर्ड आणि क्ले या अमेरिकन संशोधकांचे काम वाचनात आले तेव्हा ते उलगडले. त्यांनी 1999 मध्ये टेक्सासकडील एका बारीक आंधळ्या सापाचे खाणे चित्रित करून दाखवले की तो खालचा जबडा झपाट्याने आतबाहेर करून भक्ष्य घशात ओढतो. त्या कुळात दात खालच्या जबड्यावरच असतात. पुढे क्ले यांनी वाळ्याच्या कुळाचे खाणे अभ्यासले, आणि ते नेमके उलटे निघाले: येथे वरच्या जबड्याची ती दोन सैल हाडे आळीपाळीने, एका सेकंदात अनेकदा, आतबाहेर फिरतात आणि मुंग्यांची व वाळवीची अंडी, कोष, दाताळ्याने कचरा ओढावा तशी आत ओढून घेतात. सापाने जबडा पसरून भक्ष्यावर चढत जाण्याची जी रीत आपण ओळखतो तिचा येथे मागमूस नाही. मुंग्यांच्या वसाहतीत शिरून, त्यांचे सैनिक धावून येण्यापूर्वी जेवढे पदरात पडेल तेवढे उरकून निघावयाचे, तर गती हवी, आणि गतीसाठी भक्ष्य लहान हवे. तोवर ज्याला मी कमीपणा समजत होतो तो एका धंद्याचा सरंजाम होता. तेव्हापासून कवटी हाती आली म्हणजे तिच्यात काय नाही हे मी विचारेनासा झालो. हा प्राणी दिवसभर काय करतो, हे आधी विचारू लागलो. ही सवय पुढे मला माणसांच्या बाबतीतही लागली, आणि वर्गातील मुलांची प्रगतिपुस्तके लिहिताना तिची अडचणच फार झाली, कारण त्या छापील रकान्यांत नसलेल्या गोष्टींसाठीच जागा होती.

गावातून येणाऱ्या मेलेल्या सापांत डुरक्या घोणसच पुष्कळदा असे. हा मातीत राहणारा, बिनविषारी, उंदीर खाणारा साप. परंतु अंगावरचे डाग आणि खरखरीत खवले यांमुळे लोक त्याला घोणस समजून मारतात. मेलेल्या सापाविषयी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मी लवकर शिकलो. परंतु दोघांच्या कवट्या शेजारी ठेवल्या की वाद आपोआप संपे. घोणशीच्या वरच्या जबड्याचे हाड म्हणजे एक आखूड ठोकळा, त्यावर लांब पोकळ विषदंत, आणि तोंड उघडताच तो ठोकळा फिरून दंत पुढे उभा राहतो. डुरक्याच्या जबड्याचे हाड लांब, त्यावर मागे वळलेल्या भरीव दातांची रांग, पुढचे मोठे आणि मागे लहान होत गेलेले. विषदंताला जागाच नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दोन्ही कवट्या बराच वेळ बोटाने चाचपल्या आणि म्हटले, “गुरुजी, मरण्याच्या आधी हे तोंड उघडून कोण पाहणार?” त्याचे म्हणणे बिनतोड होते. म्हणून पुढे मी लोकांना कवटी दाखवून झाल्यावर जिवंत सापाची खूण सांगू लागलो: घोणशीचे डोके त्रिकोणी आणि मानेपासून स्पष्ट वेगळे, डुरक्याचे मानेत मिसळलेले, शेपूट आखूड, आणि शंका असेल तर दूर राहावे, मारावयास जाऊ नये. घोणशीला डुरक्या समजून उचलणे हे उलट दिशेचे संकट तर जिवावरचे आहे.

आता मांडुळाकडे येतो. डुरक्याचा हा भाऊबंद, तांबूस तपकिरी, गुळगुळीत, जाड. शेपूट इतके बोथट की दुसरे डोकेच वाटावे. 1801 मध्ये रसेलनेच त्याचे नामकरण केले, ते तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीतील ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन या मिशनऱ्याच्या नावावरून. त्याच्या कवटीत वाळ्याहून अगदी निराळा निवाडा आहे. थुंथनीचे टोक रुंद, चपटे, पाचरीच्या धारेचे, बळकट हाडांचे आणि पुढच्या बाजूस दातविरहित. खालचा जबडा त्याच्या मागे दबलेला, म्हणजे माती कापताना तोंडाची फट झाकलेली राहते. परंतु या बळकट टोकाच्या मागे गिळणाऱ्या सापाची सारी सैल यंत्रणा, क्वाड्रेटपासून टाळूच्या दातेरी हाडांपर्यंत, शाबूत आहे. एक बाजू भक्ष्यात रुतवावी, दुसरी पुढे सरकवावी, अशा आळीपाळीच्या चालीने तो पूर्ण वाढलेला उंदीर आत घेतो. वाळ्याने गिळणे सोडले आणि खणणे पत्करले. मांडुळाने दोन्ही ठेवले, आणि त्याची किंमत म्हणून तो कठीण भूमीत फारसा शिरत नाही, मऊ, वाळूमिश्रित मातीत किंवा उंदरांच्या तयार बिळात राहतो. शेपटीच्या मणक्यांवर साध्या सापांत नसलेले जादा फाटे असतात, आणि संकट आले की तो डोके वेटोळ्यात लपवून ते बोथट शेपूट वर करतो. शत्रूने चावावयाचे तर तेथे चावावे.

शत्रूने ते ऐकले नाही; त्याने दोन्ही टोकांना किंमत लावली. मांडुळाच्या साहाय्याने गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, अशा भाकडकथांवर या सापाचा चोरटा व्यापार महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत वर्षानुवर्षे चालला आहे. दलालांच्या बोलीत त्याला ‘डबल इंजिन’ म्हणतात आणि वजनावर लाखांच्या गोष्टी करतात. असा एक साप एकदा एका मोटारीतून जप्त झाला, आणि ओळख पटवण्यासाठी मला बोलावणे आले. कार्यालयात मुद्देमाल म्हणून गोणपाटात साप, बाकावर दोन तरुण, आणि टेबलापाशी पंच. मी माझ्याकडची मांडुळाची कवटी आणि शेपटीचे मणके घेऊन गेलो होतो. हे डोके, हे शेपूट, येथे मेंदू असतो, येथे नसतो, असे मी सांगत गेलो आणि कारकून जबानी लिहीत गेला. तरुणांपैकी एकाने सगळे ऐकून घेतले आणि मग मलाच विचारले, “मग दुसरं तोंड गेलं कुठं?” त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, त्याने कर्ज काढून तो साप विकत घेतला होता असे नंतर कळले. मी मणक्यांची डबी त्याच्या हातात दिली. त्याने एक एक मणका उलटून पाहिला, त्यांत दात शोधले, आणि डबी परत केली. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. असल्या फसवणुकीला आळा घालण्यास तो हवाच होता. परंतु त्या बाकावर जे पाहिले त्यावरून माझे मत असे बनले की लोकांना प्राण्याचे हाड प्रत्यक्ष हाताळू दिल्याशिवाय व्याख्यानाने काही होत नाही. पुढे मी गावोगावी भाषणे देणे सोडले आणि डबी फिरवू लागलो.

तिसरा निवाडा पाहावयास मला सह्याद्रीपर्यंत जावे लागले, कारण खापरखवल्या साप आमच्या बाजूस मला कधी मिळाले नाहीत. शेपटीच्या टोकाला खरबरीत ढाल असलेले, गांडुळांवर जगणारे हे कुळ दक्षिण हिंदुस्थान आणि सिंहलद्वीप यांपुरतेच आहे. दक्षिण महाराष्ट्र व गोव्याच्या घाटमाथ्यावरील एका काळ्या जातीला गोवर, गिरी, कॅप्टन व विल्किन्सन यांनी 2016 मध्ये कात्रज सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांचे नाव दिले आहे. एका अभ्यासकाच्या कृपेने मला या कुळातील एक कवटी भिंगाखाली पाहावयास मिळाली. निमुळता, जवळजवळ एकसंध शंकू. वाळ्यासारखी तोंडाची मागे सरकलेली जागा नाही, मांडुळासारखा मोठा जबडा नाही. नवल आहे ते मागच्या बाजूला. कवटी मानेच्या पहिल्या मणक्याशी ज्या गाठीने जोडली जाते ती गाठ येथे लांबट, पुढे आलेली आहे, त्यामुळे डोके अगदी मोकळेपणाने वळते. अर्नेस्ट विल्यम्स यांनी 1959 मध्ये या सांध्याचे वर्णन केले. कार्ल गान्झ आणि त्यांचे सहकारी यांनी 1978 मध्ये दाखवले की या सापांचे बळ अंगाच्या पुढच्या भागात एकवटलेले आहे, तेथले स्नायू लालभडक, दमदार, आणि कातडी बिळाच्या भिंतीला घट्ट धरून ठेवून आतल्या आत कणा वाकवून ते डोके पुढे रेटतात. म्हणजे कवटी ही केवळ टोक आहे. खणणारा मानेत बसलेला आहे. इतकी वर्षे केवळ डोक्याकडे पाहणाऱ्या मला ही गोष्ट मनापासून आवडली, आणि थोडी खुपलीही.

साप मुळात बिळात राहणाऱ्या सरड्यांपासून झाले की समुद्रात पोहणाऱ्यांपासून, हा वाद दीडशे वर्षांचा आहे. एडवर्ड कोप यांनी 1869 मध्ये त्यांचे नाते मोसासॉर या सागरी सरीसृपांशी जोडले; उलट गॉर्डन वॉल्स यांनी 1940 च्या सुमारास सापाच्या डोळ्याची रचना पाहून असे प्रतिपादन केले की हा डोळा एकदा भूमीखाली निकामी होऊन पुन्हा बांधलेला आहे. कवटीची साक्ष वॉल्सच्या बाजूने पडते असे माझे मत आहे. सरड्याच्या मेंदूची पुढची बाजू हाडाने बंद नसते, नुसत्या पडद्याने झाकलेली असते. सापाच्या कपाळाची आणि माथ्याची हाडे मात्र खाली वळून मेंदूला चारी बाजूंनी वेढून टाकतात, आणि हे नागापासून अजगरापर्यंत सर्वांत आहे, बिळात न राहणाऱ्यांतही. एवढा कडेकोट बंदोबस्त पूर्वजांना कशासाठी लागला, असे विचारले म्हणजे माती आठवते. परंतु हाडाची साक्ष अखेरची नसते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी गुजरातेतील ढोली डुंगरी येथे डायनोसॉरच्या घरट्याचे अवशेष शोधले, त्यांतील हाडे डायनोसॉरच्या पिल्लाची समजली गेली. 2001 मध्ये जेफ्री विल्सन यांना त्यांत सापाचे मणके दिसले, आणि 2010 मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ हा सुमारे साडेतीन मीटरांचा साप, अंड्याभोवती वेटोळे घातलेला, जगापुढे आला. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा रुंद उघडत नव्हता, तरी तो पिल्लांवर टपलेला होता. घट्ट आणि सैल यांच्या दरम्यान कितीतरी पायऱ्या आहेत, आणि मी पाहिलेल्या तीन निवाड्यांवरून मी जी सुबक मांडणी मनाशी केली होती तिला या एका जीवाश्माने बराच धक्का दिला.

आता सूक्ष्म क्ष-किरण यंत्राने सापाचे डोके न उघडता त्यातील प्रत्येक हाड पडद्यावर फिरवून पाहता येते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशी चित्रे मला दाखवली. ॲलिझरिनला आठवडे लागत ते काम तेथे एका बैठकीत होते, आणि क्वाड्रेटचा कोन अंशांत मोजून मिळतो. मला हेवा वाटला. एटापल्लीच्या रस्त्यावर आता सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात, त्यामुळे चिरडलेले साप पूर्वीपेक्षा अधिक सापडतात आणि ओळखण्याजोगे कमी. डोके शाबूत मिळणे हा योगायोग झाला आहे. मी जमवलेले नमुने दाखल्यासह ज्या शाळेचे होते तेथेच राहिले. एका गोष्टीची मात्र अजून वाट पाहतो. दक्षिण हिंदुस्थानच्या पठारावर चंचुवाळा नावाचा एक मोठा वाळा आहे, हातभराहून लांब होणारा, थुंथनीला चोचीसारखी वळलेली धार असलेला. एवढ्या आकाराच्या वाळ्यात वरच्या जबड्याची ती सैल हाडे मडक्याच्या रीतीनेही हाती येतील. विटाभट्टीवाल्यांना, विहीर खणणाऱ्यांना मी सांगून ठेवले आहे, वनखात्याला अर्जही दिला आहे. मिळाला तर चोचीपासून सुरुवात करावयाची नाही. ती सर्वांनाच दिसते. आधी क्वाड्रेट कोणत्या बाजूला कलला आहे ते पाहावयाचे, आणि कागदावर उतरावयाचे, आणि मगच त्याला पाण्यात सोडावयाचे.